आकडे शाबूत आहेत

१२ नोव्हेंबर

भांडायला घरात कोणी उरलं नाही म्हणून लिहायला बसले आहे. हे आहेत तसे. समोरच खुर्चीत बसलेत, खिडकीबाहेर बघताहेत. पण भांडण ही काय एकटीने करायची गोष्ट आहे? मी म्हणायचं, पक्कड जागेवर ठेवत नाही तुम्ही. ह्यांनी म्हणायचं, जागेवरच होती, तू जागा हलवलीस. मी काहीतरी आदळायचं, ह्यांनी त्याला हसायचं. संसार असाच झाला आमचा, आणि छान झाला. आता मी आदळते आणि हे नुसते बघतात.

उन्हाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन घरभर फिरतात. हात लोंबतो. पण हाता-पायाचं एवढं काही नाही हो, शब्द गेले. शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द बोलले तो 'बादली'. डॉक्टरही बादली, चहाही बादली, लेकही बादली. मला बघून डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणाले, "बादली." इतक्या वर्षांच्या संसारात राणी म्हणाले नाहीत कधी, आणि शेवटी बादली! मी हसले. मग मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

आता चार-दोन शब्द जास्त येतात. शिव्या मात्र अगदी स्वच्छ येतात. त्या कशा राहिल्या कोण जाणे.

१५ नोव्हेंबर

आज आनंदाने वेडी व्हायची वेळ आली!

भांडी घासता घासता मी आपली गुणगुणत होते, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. सवय आहे मला, पाढे म्हणत काम केलं की हात भरभर चालतो. पुढचं आठवेना म्हणून थांबले. तर मागून आवाज आला, "सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट," आणि गाडी सुटली ती थेट एकशेसत्तरवर जाऊन थांबली. एक अडखळणं नाही! ओल्या हातांनी मी त्यांचं तोंड धरलं. म्हटलं, एकोणतीसचा म्हणा. म्हणून दाखवला! मला स्वतःला एकोणतीसचा जन्मात आला नाही.

म्हणजे नावं गेली, पण आकडे शाबूत आहेत. आणि आमच्या धंद्यात लागतात ते आकडेच. चहाला बादली म्हणाले तर बिघडलं कुठे? व्होल्ट बरोबर सांगितले की झालं.

ठकीला लगेच फोन केला. आमची एकुलती एक लेक, तिचं खरं नाव दुसरंच आहे, पण रागावली की लाकडी बाहुलीसारखी ताठ बसते म्हणून ठकी. ती म्हणाली, "अगं आई, पाढे तर लहान मूलही झोपेत म्हणतं." म्हटलं, तू म्हणून दाखव एकोणतीसचा. फोन ठेवला तिने.

२० नोव्हेंबर

ठकी आली होती. चहा पिता पिता विषय काढलाच. मागची खोली समोरच्या शिंप्याला द्यायची आणि आम्ही दोघांनी तिच्याकडे राहायला जायचं. शिंप्याने म्हणे खोलीची लांबी-रुंदी आधीच मोजून नेली. माणूस अजून खुर्चीत बसलाय आणि ह्याने टेप लावली सुद्धा! आयत्या बिळावर नागोबा.

मागची खोली म्हणजे आमचा कारखाना. आम्ही त्याला कारखानाच म्हणतो, आत दोन माणसं धड वळत नसली तरी. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतले सेल तपासायचे, चांगले निवडून जोडून त्यांचे पॅक बांधायचे, त्यावर सौरदिवे चालवायचे. जिथे वीज पोचत नाही तिथे आमचा दिवा पोचतो. ह्यांनी दुसरं काही केलं नाही आयुष्यात. खोली गेली तर हे खुर्चीतच संपतील, मला दिसतंय ते. मी ठकीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना स्वतःची चप्पल सांगता येत नाही. बॅटऱ्या म्हणजे आगीशी खेळ."

"होडीवाल्याचे दिवे देऊन दाखवते," मी म्हटलं. "तेवढं जमलं नाही तर मी स्वतः शिंप्याला किल्ली नेऊन देईन."

होडीवाल्याने झटक्याच्या आधीच सांगून ठेवलेलं काम ते. नदीच्या उतारावर पायऱ्या आहेत, अंधारात माणसं घसरतात. खाली-वर छोटे दिवे आणि वरच्या खांबावर मोठे. ह्यांनी पॅक सगळे बांधून ठेवले होते, चार्ज करून बसवायचे तेवढे राहिलेत. हे आमचं बोलणं ऐकत होते. एकदम डाव्या हाताने टेबल थोपटलं आणि म्हणाले, "च्यायला, हो!" ठकीलाही हसू आलं. दिवे होईपर्यंत थांबते म्हणाली.

२२ नोव्हेंबर

कारखाना उघडला. किती धूळ! हे दारात उभे राहिले आणि नुसता वास घेत राहिले. सोल्डरचा वास. मी झाडू घेऊन आत शिरले तर झाडू हिसकावून घेतला, डाव्या हाताने स्वतःच झाडायला लागले. मला बाहेर बसवलं. रडू येत होतं पण बरं वाटत होतं.

फळीवर निळ्या वेष्टणातले पॅक ओळीने तसेच होते. प्रत्येकात बारा सेल. पण बारा दोन तऱ्हेने होतात, तीन चोक बारा आणि चार त्रिक बारा. पायऱ्यांच्या दिव्यांचे तीन चोक, म्हणजे एकापुढे एक तीनच सेल, त्यांना चार्जिंग बारा पूर्णांक सहा व्होल्टपर्यंत. खांबावरच्यांचे चार त्रिक, एकापुढे एक चार, त्यांना सोळा पूर्णांक आठ. वेष्टण घातल्यावर बाहेरून ओळखू येत नाही, सारखेच दिसतात, वजनही तेवढंच. हे शेवटी बीएमएसची पट्टी लावायचे, म्हणजे जास्त चार्ज झालं की आपोआप तोडणारी पट्टी, आणि मग पेनाने वर आकडा लिहायचे. हे पट्टी लावायच्या आतच पडले. त्यामुळे कुठल्याच पॅकवर काही लिहिलेलं नाही. ह्यांच्या डोक्यात आहे तेवढंच.

मीटर लावून पाहिलं. अकरा व्होल्टच्या आसपास सगळेच. ते अर्धे भरलेले तीन असतील नाहीतर उपाशी चार, मीटरला काय कळतंय.

पण आमच्याकडे हाक आहे ना! पहिल्यापासूनची पद्धत ही. हे पॅक बघून आकडा ओरडणार, मी सप्लायचं, म्हणजे चार्जिंगच्या डब्याचं, बटण फिरवून तोच आकडा उलट ओरडणार, हे 'लाव' म्हणणार, मग मी चालू करणार. हाक दिल्याशिवाय मी आजवर कधी बटण दाबलं नाही. ह्यांचं काम तोंडाचं, माझं हाताचं. एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला कळते, म्हणायचे.

आज पहिला पॅक वाळूच्या लोखंडी ट्रेमध्ये ठेवला. दार उघडं, आजूबाजूला कागद नाही, कापड नाही. हे बघत राहिले, घाम आला कपाळाला. मग स्वच्छ आवाजात म्हणाले, "बारा सहा." मी ओरडले, "बारा सहा!" 'लाव' काही येईना, तर मान हलवली. म्हणजे काय, इकडे-तिकडे हलवली, तोंड वेडंवाकडं झालं. शब्द सापडला नाही की असंच होतं त्यांचं. मी लावलं.

सगळं सुरळीत झालं. पॅक गरमसुद्धा झाला नाही.

२५ नोव्हेंबर

आज विशेष काही नाही. दोन पॅक झाले. झालेले सगळे होडीवाला घेऊन गेला. पाठ दुखते.

२९ नोव्हेंबर

वाचाबाई येऊन गेल्या. बोलायला शिकवणाऱ्या बाई, तरुण आहेत, पर्समध्ये चित्रांचे पत्ते घेऊन फिरतात. मला म्हणाल्या, "काकू, ते काय म्हणतात त्यापेक्षा हात काय करतोय तिकडे बघत जा." मी म्हटलं, बाई, आमचे आकडे पक्के आहेत, तुम्ही आता नावांचं बघा. त्यांना पाढा म्हणून दाखवायला लावला. बाई म्हणाल्या, "छान आहे, पण..." तेवढ्यात दूध उतू गेलं आणि मी धावले. आल्यावर त्या ह्यांना मांजराचं चित्र दाखवत होत्या आणि हे 'छत्री' म्हणत होते. बाईंना निघायची घाई होती.

साखर किती घालू विचारलं तर आज "नऊ" म्हणाले. मी म्हटलं, लाडात येऊ नका, दोनच मिळतील. हे हसले नाहीत. पूर्वी असल्या थट्टेला टाळी द्यायचे. ठकीला फोन लावायला ह्यांना नंबर विचारला तर आकडे असे सांगितले की कुठल्याशा गॅरेजला लागला. पण फोन नंबर तर मलाही पाठ नाही कोणाचा.

२ डिसेंबर

होडीवाला आला. पायऱ्यांवर एक दिवा बसवून पाहिला म्हणाला, तर पहिल्या प्रहरातच मान टाकतो. "मावशी, तुमचा दिवा माझ्यासारखाच, संध्याकाळ झाली की जांभया." मी म्हटलं, तुमच्या पॅनेलवर कावळे बसत असतील, पुसा जरा. नाचता येईना अंगण वाकडं.

हे ऐकत होते. एकदम उठले, होडीवाल्याच्या हातातला पॅक ओढून घेतला, कपाळावर हात मारला आणि "बारा सहा, बारा सहा" असं कितीतरी वेळ म्हणत राहिले. डोळ्यांतून पाणी. होडीवाला बिचारा ओशाळला. मी त्याला म्हटलं, मनावर घेऊ नका, आपल्या कामाला कोणी नाव ठेवलं की लागतं त्यांना. बरोबर चार्ज केलंय तेच सांगताहेत.

अभिमान आहे हो अजून. तो राहिलाय हेच मोठं.

५ डिसेंबर

वैताग आलाय. दोन दिवस हे बीएमएसची एक पट्टी हातात घेऊन माझ्यामागे घरभर फिरताहेत. भाकरी थापतेय तर पिठात पट्टी. कपडे वाळत घालतेय तर खांद्यावर पट्टी. सोल्डर करून दे म्हणताहेत, मला कळतं. पण त्या केसासारख्या तारा मला जमत नाहीत, आधी चष्मा धुरकट, त्यात हात जाड. म्हटलं, आधी चार्ज करू, मग ठकीच्या ओळखीच्या मुलाकडून एकदम लावून घेऊ. तर पट्टीवरच्या खुणांवर बोट ठेवून एक, दोन, तीन, एक, दोन, तीन. मी म्हटलं, हो, येतात तुम्हाला आकडे, मीच सगळ्यांना सांगते ना! पट्टी काढून डब्यात ठेवली. त्यांनी भांडं आपटलं. मला बरंच वाटलं खरं सांगायचं तर. आदळआपट परत आली घरात.

मंगळवारी येऊ नका असं वाचाबाईंना कळवलं. काम आटपू दे आधी.

१० डिसेंबर

परवा काय झालं ते आज लिहिते आहे. लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

सकाळी शेवटचे पॅक राहिले होते. मी एक ट्रेमध्ये ठेवला आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "सोळा आठ." खणखणीत. मी फिरवलं, ओरडले, "सोळा आठ!" ह्यांनी पुन्हा म्हटलं, "सोळा आठ," आणि माझा हात धरला. मला वाटलं, शाबासकी. मी बटण दाबलं.

मग त्यांचं सुरू झालं. सप्लायकडे हात नेतात, मी बाजूला करते. पॅकवर हात ठेवतात, माझा हात ओढून ठेवतात. कोमट होता. म्हटलं, कोमट तर होणारच, थंडी आहे का तुम्हाला? आकडा चढत होता, बारा गेले, तेरा गेले. त्यांचा आवाज चढायला लागला. "सोळा आठ! सोळा आठ!" आणि मी म्हणतेय, "अहो, सोळा आठच लावलंय! बघा ना, सोळा आठच!" ते मान हलवताहेत, छातीवर मूठ मारताहेत, पुन्हा तेच ओरडताहेत, आणि मी तेच उलट ओरडतेय. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा-म्हातारीचं एकमत झालंय.

मग त्यांनी वायर ओढायला हात घातला. आणि मी त्या हातावर मारलं.

जोरात मारलं. लहान मुलाला मारतात तसं. लग्नानंतर कधी एकमेकांवर हात उगारला नव्हता आम्ही.

त्यांनी वायर सोडली. मी त्यांना दंडाला धरून अंगणात आणलं, खुर्चीत बसवलं आणि कारखान्याला बाहेरून कडी घातली, म्हणजे परत आत शिरणार नाहीत. चार्जिंग चालू असताना खोली सोडायची नाही, हा ह्यांचा पहिला नियम. फोन वाजो, पाहुणे येवोत, घर सोडून पळायची वेळ येवो, खोली सोडायची नाही. लिथियमच्या सेलला आग्रह चालत नाही, म्हणायचे, पोट भरलं की वाढणाऱ्याने थांबायचं, नाहीतर पाहुणा घर जाळतो. ते सगळं मला पाठ आहे. तरी सोडली. त्यांना शांत करायला म्हणून भात कालवून आणला. घास तोंडापर्यंत नेला तर तोंड उघडेनात. दाराकडेच बघत होते.

आधी फुसफुस आली, सायकलची हवा सोडावी तशी. मग पांढरा धूर दाराच्या फटीतून. मी ताट धरून उभीच राहिले. हे उठले. काठी न घेता उठले. मला हाक मारायचंही सुचलं नाही आणि ह्यांनी कडी काढून आत पाय टाकला होता. आत सेल फुटत होते, एकामागून एक. ह्यांनी तो लोखंडी ट्रे डाव्या हाताने, चांगल्या हाताने धरून ओढत बाहेर अंगणात आणला. ट्रे तापून लाल व्हायचा तेवढा राहिला होता. पण आग तोवर फळीवर गेली होती, बाकीचे पॅकही पेटले. शिंपी धावत आला, त्याने ह्यांना मागे ओढलं, नळी लावली. शिंप्याला मी काय काय बोलले होते! त्याच्या भुवया जळाल्या.

कारखाना गेला. टेबल, मीटर, फळी, सगळं. भिंती तेवढ्या राहिल्या, काळ्या.

ह्यांच्या तळहाताची कातडी ट्रेला राहिली. बोटं वाचली म्हणतात डॉक्टर. मनगटापर्यंत पट्ट्या आहेत. आता एक हात लोंबतो आणि एक बांधलाय. पाणीसुद्धा मीच पाजते.

१२ डिसेंबर

ठकी आली. मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या शेजारी जमिनीवर बसली, डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं आणि म्हणाली, "आई, चल आता."

मी स्वतः जाऊन शिंप्याला किल्ली दिली. तो घेईना. म्हटलं, घ्या, शब्द दिलाय मी. तो म्हणाला, "वहिनी, दादा बरे झाले की परत देईन." मला तिथे रस्त्यातच रडू आलं.

ह्यांनी आगीनंतर एक शब्द काढलेला नाही. बादलीसुद्धा नाही. ड्रेसिंग करताना एवढं दुखतं, पण शिवीही नाही. डॉक्टर म्हणतात, धक्का बसलाय, येईल हळूहळू.

१९ डिसेंबर

ठकीच्या घरी आलो. आम्हाला पुढची खोली दिली आहे, ऊन येतं. जावई भला माणूस आहे, टीव्हीचा आवाज कमी ठेवतो. मला करायला काही नाही. ठकीच्या स्वयंपाकघरात कुठे काय असतं ते कळत नाही, विचारावं लागतं.

हे भिंतीकडे तोंड करून पडतात. मी मुद्दाम वाटेल ते बोलते, खोटंनाटं बोलते, चिडतील म्हणून. बघतात आणि डोळे मिटतात.

३ जानेवारी

आज वाचाबाईंना ठकीने इकडे बोलावलं. मला जायचं होतं आतल्या खोलीत, त्यांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. त्यांनी बसवून घेतलं.

ह्यांच्या हाताची मोठी पट्टी आता निघालीय, बोटांची टोकं मोकळी आहेत. बाईंनी दोन चमचे टेबलावर ठेवले आणि आकड्यांचे पत्ते मांडले. ह्यांनी वेळ न लावता दोनच्या पत्त्यावर बोट ठेवलं. पाच पेन्सिली ठेवल्या, पाचवर ठेवलं. एकदाही चुकले नाहीत. तोंड बंदच.

"पण आकडे तर तोंडानेही येत होते," मी म्हटलं. "पाढे म्हणायचे."

बाई हळू बोलल्या. पाढा म्हणजे गाणं, काकू. एकदा सुरू झालं की आपोआप पुढे जातं. पण मनातला आकडा शोधून ओठावर आणायचा, ते काम वेगळं, मेंदूत दुसरीकडे चालतं. त्यांच्या मनात बाराच येत असतील, आणि तोंडातून सोळा निघत असतील. स्वतःच्या कानांनी ऐकतही असतील ते, चुकीचं निघालं म्हणून. पुन्हा प्रयत्न केला की पुन्हा तेच निघतं.

मी बाईंकडून दोन कोरे पत्ते मागितले. एकावर बारा पूर्णांक सहा लिहिलं, एकावर सोळा पूर्णांक आठ. ह्यांच्यासमोर ठेवले. विचारलं, "त्या दिवशीचा पॅक कोणता होता हो?"

त्यांनी पत्त्यांकडे बघितलंही नाही नीट. बारा सहाचा पत्ता बोटांनी सरकवत सरकवत माझ्या मांडीपर्यंत आणला.

"आणि होडीवाल्याचा? लवकर विझायचा तो?"

सोळा आठवर बोट.

सगळं ठाऊक होतं त्यांना. पट्टी घेऊन माझ्यामागे फिरत होते, त्यावर तीन खुणा दाखवत होते, तीन, तीन, तीन सेलचा आहे गं. माझा हात धरला तो शाबासकीला नव्हता. ते ओरडत होते ते मला थांबवायला, आणि त्यांच्याच तोंडाने मला पुढे ढकललं. तोंड सोडून सगळं अंग खरं सांगत होतं. मी त्या हातावर मारलं आणि तोंडावर विश्वास ठेवला, कारण इतकी वर्षं तेच केलं होतं.

बाई गेल्यावर मी ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय काढून घेतले नाहीत. हललेही नाहीत.

८ जानेवारी

होडीवाला भेटायला आला होता. पायऱ्यांवरचे दिवे, तो एक सोडून जेवढे दिले होते तेवढे, छान चालताहेत म्हणाला. "काका, काल एक म्हातारी म्हणाली, आता पाय टाकायला भीती नाही वाटत." हे ऐकत होते. मी बघत होते त्यांच्याकडे, आता तरी काही निघेल. काही नाही. होडीवाला जाताना दारात डोळे पुसत होता.

१७ जानेवारी

वाचाबाई मला आज बाजूला घेऊन म्हणाल्या, आवाजाला काही झालेलं नाही. झोपेत पुटपुटतात, ते ठकीनेही ऐकलंय. घसा चांगला आहे, मेंदूचा फोटोही पूर्वीसारखाच आहे, काही नवीन नाही. "काकू, त्यांना बोलता येत नाही असं नाही. त्यांनी बोलायचं सोडलंय. आणि न बोलता राहिले तर जे थोडं होतं तेही जाईल."

घरी कोणी नव्हतं दुपारी. ठकी कामावर, जावई कामावर. मी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. कधी नव्हे ते एकही टोमणा न मारता बोलले.

म्हटलं, "ऐका. चूक माझी होती. तुम्ही सांगत होतात, मला समजलं नाही. कारखाना माझ्यामुळे जळला, तुमचा हात माझ्यामुळे भाजला. तुम्ही काही चुकीचं केलं नाहीत. आता बोला. काहीही बोला. चहाला छत्री म्हणा, मला काहीही म्हणा, वाटेल तो आकडा सांगा. मी आता ओळखून घेईन. पण असे नका राहू हो, मला एकटीला नका टाकू."

ते माझ्याकडे बघत राहिले. खूप दिवसांनी असं सरळ बघितलं. मग त्यांनी मान हलवली. नाही. आणि तो भाजलेला हात उचलून माझ्या छातीला लावला आणि पुन्हा मान हलवली. तू नाहीस. मग स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं.

मी म्हटलं, "नाही, नाही हो, असं नाही."

त्यांनी तळहात तोंडावर ठेवला, नव्या गुलाबी कातडीचा, आणि दाबून धरला. मी तो दोन्ही हातांनी बाजूला केला. त्यांनी परत नेऊन ठेवला. मी परत काढला. त्यांनी परत ठेवला. डोळ्यांतून पाणी त्या बोटांवर येत होतं.

मग मी त्यांचा हात काढला नाही. कातडी अजून ओली आहे, ओढलं की दुखतं त्यांना.